बघणारे तीन

हसू नका रे पोरांनो. चिदंबर माझ्याच ऑफिसातला. खोटं बोलायची त्याची प्राज्ञा नाही.

आयुधपूजेनंतरचा, म्हणजे आपल्या खंडेनवमीनंतरचा, तिसरा शुक्रवार, संध्याकाळचे सात वाजून दहा मिनिटं. मुलाच्या मुंजीची पत्रिका द्यायला तो ओरत्तनाडूला गेलेला. तंजावरजवळ तिरुवैयारूच्या घरी विनुताअक्का, त्याची थोरली बहीण, एकटीच. तिच्या काळजीपोटीच त्यानं देवघरासमोर कॅमेरा बसवला होता. बसवणारा म्हणाला होता, "सार, पासवर्ड तेवढा बदला." ह्या शहाण्यानं आयुधपूजेला कॅमेऱ्याला चंदन-कुंकू लावलं, पण पासवर्ड राहिला तोच, एक-दोन-तीन-चार! अंधुक दिसतं म्हणून अक्कानं ते कुंकूही पुसलं.

"आई असती तर रागावली असती रे," ती म्हणाली. आई जाऊन चार वर्षं झालेली. घरात नवी वस्तू आली की आई अंगठ्यानं कुंकू टेकवायची. तो अंगठा विळीवर कापलेला, त्यामुळे ठशात मधोमध आडवी रेघ उठायची.

दर शुक्रवारी दिवा लावताना अक्का लक्ष्मी यावी म्हणून पुढचं दार सताड उघडं ठेवी, आणि डोळे मिटून स्तोत्र म्हणे.

पत्रिका देऊन झाल्यावर चिदंबरनं मोपेड थांबवून सहज फोनवर कॅमेरा उघडला. अक्का देवापुढे बसलेली. खाली लिहिलेलं, बघणारे: दोन.

दोन? एक मी. मग दुसरा...?

दारातून एक माणूस आत आला. एका हातात फोन. दुसऱ्या हातात अरुवाळ, आपला कोयता. त्याच्या फोनवरही अक्काच दिसत होती.

"अक्का! पाठीमागे बघ!" चिदंबर फोनमध्ये किंचाळला. कॅमेऱ्यातून आवाज घरात घुमला.

ती वळली. पहिला घाव खांद्यावर बसला. रक्त निरांजनावर उडालं, वात चरचरली. माणूस कॅमेऱ्याकडे बघून हसला. अक्काचे केस धरले. मान मागे ओढली. कोयता उचलला.

"सोड तिला! अय्यो, देवा..."

बघणारे: तीन.

हात वरच राहिला...

मग मागे वाकला. अजून मागे. हाड मोडल्याचा आवाज फोनमधून आला. कोयता त्याच्याच तोंडावर उतरला. एकदा... पुन्हा... पुन्हा...

फोनचा पडदा लाल झाला.

अक्का वाचली. डावा हात आता खांद्याच्या वर उचलत नाही. तो माणूस मेला. अक्का एवढंच सांगते, "मी डोळे मिटले होते रे."

पोलिसांनी पडद्यावरचा लाल डाग पुसायला कॅमेरा घासला. डाग निघेना. मग चिदंबरच्या देखत त्यांनी तो फोडला.

काचेच्या आतल्या बाजूला कुंकू होतं, ओलं. अंगठ्याचा ठसा, मधोमध आडवी रेघ.