चुना तापला तेव्हा

शेलूबाजारच्या फाट्यावर कारंजाची जीप भरत होती. मधल्या सीटवर अंग चोरून बसलेल्या रंजीताच्या पायाला अचानक चटका बसला. खाली पाहते तर काय — शेजाऱ्याच्या पायाशी ठेवलेल्या पोत्यातून वाफ निघत होती! कुणाच्या तरी कॅनमधलं पाणी त्यावर झिरपलं होतं.

"काय हाय याच्यात?"

"चुना... कळीचा," मफलर गुंडाळलेला तो उंच तरुण म्हणाला. "बगीच्यात फवाऱ्याले लागते."

"फेका बाहेर! पानी पडलं त्याच्यावर!"

त्याने पोतं उचलून रस्त्यावर टाकलं. पोतं फुटलं, पांढरा धुरळा उडाला आणि तो डोळा दाबून खालीच बसला.

रंजीता कारंजाच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. डोळ्यात कळीचा चुना जाणं म्हणजे काय, हे तिला पुरतं ठाऊक होतं. तिने त्याला चहाच्या टपरीवरच्या ड्रमपाशी ओढतच नेलं आणि मगाने डोळ्यावर पाणी सोडायला लागली.

"अवो, पान्यानंच तं पेटला तो... अन् तुमी अजून पानी—"

"थोडं पानी जाळते, लय पानी वाचवते. डोळा उघडा!"

"उघडत नाही ना..."

तिने दोन बोटांनी पापणी धरून ठेवली. मगामागून मग. टपरीवाला कुरकुरला, जीप निघून गेली, तिची बाही कोपरापर्यंत भिजली. बऱ्याच वेळाने त्या लालबुंद डोळ्याने नीट पाहिलं... आणि वीतभर अंतरावर तीच होती.

"दिसून राह्यलं काय?"

"हो," तो हळूच म्हणाला. "चांगलंच दिसून राह्यलं."

रंजीताने पापणी सोडली. जरा जास्तच घाईने.

डॉक्टरांनी डोळा वाचल्याचं सांगितलं. तो तरुण म्हणजे राजपाल, धनज गावचा संत्रा-बागायतदार. पुढच्या आठवड्यात पिशवीभर संत्री घेऊन तो कॉलेजात हजर झाला, सोबत एक प्रश्नही घेऊन.

"मॅडम, चुना तापते काहून?"

"त्याले पानी पायजेच असते. भेटलं की धरून घेते, आपल्यात सामावून घेते. अन् जुळताना ऊब निघते."

"जुळताना ऊब निघते..." राजपाल स्वतःशीच पुटपुटला. रंजीताने फळा उगाचच पुसला.

मग तो येतच राहिला. एकदा फवाऱ्यात घालायचा मोरचूद निळा कशामुळे, हे विचारायला आला. तिने प्रयोगशाळेत निळे खडे नळीत तापवले, त्यातलं पाणी उडालं आणि खडे पांढरेफटक पडले. नळी थंड झाल्यावर तिने थेंबभर पाणी सोडलं, तशी निळाई परत उमलली.

"पाहा ना!"

"पाहून राह्यलो."

"माह्याकडं नाही... नळीकडं!"

एक दिवस मात्र तो उदास चेहऱ्याने आला. औषध मारूनही संत्र्यांवरचा मावा हटत नव्हता, कोवळी फूट आखडून चालली होती. रंजीता बगीच्यात गेली. त्याची आई धुरपताबाई तिला निरखून म्हणाली, "डोळेवाली मॅडम तूच काय?" रंजीता लाजून विहिरीकडे वळली. तिने कागदाची पट्टी पाण्यात बुडवून रंग पाहिला.

"औषध कवा कालवता?"

"संध्याकाळी. सकाळी फवारतो."

"तुमचं पानी खारं हाय. अशा पान्यात औषध रातभर राह्यलं तं पानीच त्याचे तुकडे करते. सकाळी टाकीत औषध उरतेच कुठं?"

"तुमी तं म्हनल्या होत्या, पानी जुळवून घेते!"

"काहीले जुळवते, काहीले तोडते. ज्याच्या त्याच्यावर हाय."

तिने पाण्यात आधी थोडं लिंबूसत टाकायला आणि कालवलं की लगेच फवारायला सांगितलं. काही दिवसांतच झाडांना निरोगी पालवी फुटली. राजपाल आनंदाने सांगायला आला, तर रंजीता खिडकीबाहेर पाहत होती.

"रविवारी पुन्याचे पाहुने येऊन राह्यले. मले पाहाले."

तो दाराकडे वळला. "चांगलं हाय," म्हणाला आणि गेला.

नंतर तो आलाच नाही. रंजीता दाराकडे पाहत फळ्यावर चुकीची सूत्रं लिहू लागली, मुलं हसू लागली. शेवटी शनिवारी तीच धनजला जाऊन थडकली. राजपाल झाडांच्या बुंध्यांना बोर्डो, म्हणजे मोरचूद-चुन्याचा लेप, लावत होता. हात निळेनिळे.

"प्रश्न संपले काय तुमचे?"

"एक हाय... पन तो तुमच्या विषयातला नाही."

"विचारून तं पाहा."

तो ब्रशकडे पाहत राहिला. "आमच्या इथलं पानी खारं. चहा बेचव लागते... तरी रोज — इथंच — प्यान काय?"

रंजीताच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू फुटलं.

"साखर जास्त टाका लागन."

त्या संध्याकाळी रंजीताचे वडील रतनसिंग बाजेवर बसले होते. रंजीता त्यांच्या पायाशी जाऊन बसली आणि सगळं सांगून टाकलं. त्यांनी मान वर केली.

"विहिरीले उन्हाळ्यात पानी राह्यते काय त्याच्या?"

"राह्यते, बाबा."

"तुले कसं मालूम?"

रंजीताचे कान लाल झाले. रतनसिंग खाकरले, मिशीत हसू दाबलं आणि हात पुढे केला.

"फोन आन इकडं. पुन्यावाल्यायले आजच सांगतलेलं बरं... उगाच इतक्या दूर कायले येतीन बिचारे."