डेलच्या खुर्चीतलं बुजगावणं

टोपली परत द्यायला आलीस होय? ठेव तिथं, पण ती परत करायची नसते गं. आमच्या गल्लीत हॅलोविनच्या आधी कुणीतरी शेजाऱ्याच्या दारात गुपचूप खाऊची टोपली ठेवतं, बेल वाजवतं आणि पळून जातं. ज्याला मिळाली त्यानं दारावर कागदी भूत चिकटवायचं आणि पुढे आणखी दोन घरी टोपली पोचवायची. नवीन आहेस, होईल सवय. बस जरा, हा सफरचंदाचा गरम रस घे. सहाला सोंगं घेतलेली पोरं गोळ्या मागायला यायला लागतील, त्याआधी तुला एक सांगायचंय.

त्या खुर्चीत नको. पायरीवर बस.

खुर्ची माझ्या नवऱ्याची, डेलची. दर हॅलोविनला इथंच पोर्चवर तो बुजगावणं होऊन बसायचा. तोंडावर गोणपाटाचा मुखवटा, बाह्यांतून डोकावणारा पेंढा, मांडीवर गोळ्यांचं मोठं वाडगं. एखाद्या वर्षी खरंच पेंढ्याचं बुजगावणं ठेवायचा आणि स्वतः आत बसून हसायचा. त्यामुळे यंदा आत माणूस आहे की पेंढा, कुणालाच कळायचं नाही. पोरं भीत भीत हात घालायची, हा मनगट धरायचा, पोरं किंचाळत अंगणाबाहेर. मग हाच त्यांना हाका मारून मूठभर जास्त द्यायचा. तेवीस वर्षं चाललं हे.

दोन वर्षांपूर्वी तो असाच बसला. मी आत स्वयंपाकघरात होते. आठला जेवायला हाक मारली, उठला नाही. मुखवटा काढला तर चेहरा गार पडलेला. डॉक्टर म्हणाले, जाऊन तासभर तरी झाला असेल. म्हणजे अख्ख्या गल्लीनं मेलेल्या माणसाच्या मांडीवरच्या गोळ्या उचलल्या, वर थँक्यूही म्हटलं.

आणि पलीकडचा तो वॉल्ट. दफनाच्या दिवशी माझ्या गळ्यात पडून रडला. म्हणाला, "लोरेन, तो माझ्याशी काहीतरी पुटपुटला गं. मला वाटलं नाटक करतोय. मी टाळ्या वाजवल्या. म्हटलं, छान जमलंय डेल."

छान जमलंय. वर्षभर हे दोन शब्द माझ्या डोक्यात घुमत होते. सकाळी कॉफी ओतताना तेच, रात्री अंथरुणात तेच. वॉल्ट माझं गवत कापून द्यायचा, बर्फ उपसायचा, रविवारी सूप आणून द्यायचा. मी गोड हसून घ्यायचे आणि तो वळला की सूप मोरीत ओतायचे. नुसतं सूप ओतून माझं भागत नव्हतं, त्यालाही तसंच तळमळायला लावावं, असं वाटायचं मला.

गेल्या वर्षी मीच त्याच्या दारात टोपली ठेवली. आत कुकीज आणि चिठ्ठी. "डेलची खुर्ची रिकामी बरी दिसत नाही. यंदा तू बस." धावत आला. डोळ्यांत पाणी. म्हणाला, "म्हणजे तू मला माफ केलंस?"

"तू बस तर खरं," मी म्हटलं.

माझं ठरलं होतं. खरं वाटावं म्हणून त्याची मनगटं सुतळीनं खुर्चीला बांधायची. मग दोन तास सोडायचंच नाही. ओरडू दे, विनवू दे, लोक हसतील आणि म्हणतील, छान जमलंय. कळू दे त्याला.

कपडे आणि मुखवटा मी खुर्चीवर काढून ठेवले होते. पावणेसहाला बाहेर आले, तर तो सगळं चढवून बसलाही होता. मी मनगटं आवळून बांधली. पेंढ्याचा ओलसर, कुजका वास आला. म्हटलं, कोठीत सादळला असेल.

दिवा लावला आणि जाळीच्या दाराआड उभी राहिले. पोरं आली, आयाबाया आल्या. साडेसहाच्या सुमारास खुर्ची करकरली. मुखवट्याआडून घरघर ऐकू आली. खाली कुणीतरी हसलं, कुणी टाळ्या वाजवल्या. मला इतकं बरं वाटलं, काय सांगू. खोटं कशाला बोलू, वर्षभरात पहिल्यांदा मला भूक लागली.

सात वाजून गेल्यावर गर्दी ओसरली. मी बाहेर आले, त्याच्या कानाशी वाकले आणि सावकाश म्हटलं, "छान जमलंय, वॉल्ट."

मुखवटा माझ्याकडे वळला.

"लोरेन... हात जड झालाय गं माझा... डावा..."

हे वाक्य मी आधी ऐकलं होतं. फक्त मी. कुणालाही सांगितलं नव्हतं.

मघाशी तुला म्हटलं, मी स्वयंपाकघरात होते. पूर्ण वेळ नव्हते. साडेसहाला वाडगं भरायला बाहेर आले होते. तेव्हा डेल हेच म्हणाला. आणि मी म्हटलं, "पुरे तुझी नाटकं, पोरं येतायत, गप बस." वाडगं भरलं आणि आत गेले. वॉल्टनं टाळ्या वाजवल्या त्या त्यानंतर.

तेवढ्यात अंगणातून आवाज आला. "लोरेन, माफ कर. दीड तास गाडीतच बसून होतो. त्या खुर्चीत बसायचा धीर होईना..." वॉल्ट होता. कोट, टोपी, हात जोडलेले.

मी मुखवटा ओढला. आत पेंढा. बाह्यांत पेंढा. सुतळीचे वेढे मात्र तसेच आवळलेले, आत मनगटाएवढी पोकळी. मी वॉल्टला मिठी मारली आणि खूप रडले. तो बिचारा समजला, माफी मिळाली. मी माफी मागत होते, हे त्याला आजही माहीत नाही.

तो मुखवटा आणि ती सुतळी त्याच रात्री मी परसात जाळली. वॉल्टसमोर जाळली.

आज दुपारी माझी बेल वाजली. दारात टोपली, आसपास कुणी नाही. तू ठेवली होतीस का? ... नाही ना. वाटलंच. ती बघ, दाराशी ठेवलीय, वरचा रुमाल काढून बघ. तोच मुखवटा आहे. खाली सुतळी, नीट गुंडाळलेली.

टोपली मिळाल्यावर नाही म्हणायचं नसतं. तेव्हा आज मी बसणार आहे, सहा ते आठ. सकाळपासून डावा खांदा दुखतोय, वय झालं असेल. तू फक्त एवढं कर. मुखवट्याआडून मी काही बोलले तर हसू नकोस. जवळ ये आणि काय होतंय, ते मला पुन्हा एकदा विचार.

बघ, पोरं वळली कोपऱ्यावरून. बसले मी खुर्चीत, ते वाडगं दे माझ्या मांडीवर. हं. आता मनगट सोड माझं, दुखतंय...

तू नाही धरलंस? ... हो, तुझे दोन्ही हात तर पुन्हा कपाभोवती आहेत.