पूर्ती निम्म्याच्या खाली

दुपारची जेवणं आटोपली की आप्पा म्हेतर बायकोशी गप्पा मारत बसायचे आणि शेजारच्यांना त्यातली एकच बाजू ऐकू यायची. "असं म्हणतीस?" मग थोडा वेळ काही नाही. मग "व्हय, ते पण खरंच," आणि हसणं. त्यांच्या बाजूला खुर्चीत बायको, मालनबाई, बसलेल्या असायच्या. कंपवातानं त्यांचे हातपाय आखडले होते, चेहरा ताठ झाला होता आणि आवाज झिजत झिजत कुजबुजीवर आला होता. पण आप्पांच्या कानांवर एक मोठा काळा हेडफोन असायचा, आणि त्यांना सगळं स्वच्छ ऐकू यायचं.

हेडफोन घेतला तो मुळात आप्पांच्याच कानांसाठी. इचलकरंजीत उभा जन्म यंत्रमागावर काढला की माणसाच्या कानांत फार काही उरत नाही. आप्पा मागावर आणि मालनबाई त्याच कारखान्यात कांड्यांवर सूत भरायला. तिथल्या खडखडाटात शेजारच्याचं ओरडणंसुद्धा ऐकू यायचं नाही. म्हणून सगळेच ओठांवरून बोलणं ओळखायचे आणि उरलेलं हातांनी सांगायचे. ओठांवर दोन बोटं म्हणजे चहा आला. मूठ वर केली म्हणजे धागा तुटलाय, माग बंद कर. समोरच्यानं पंजा उघडून दाखवला म्हणजे केला बंद. आपलं लग्नसुद्धा असंच न बोलता जमलं, माणसाचा आवाज कसा आहे ते वरातीनंतर कळलं, असं मालनबाई गमतीनं सांगायच्या.

आप्पांना गाण्याचा भारी नाद. म्हातारपणी निवांत ऐकायचं म्हणून त्यांनी जन्मभर राखून ठेवला होता, आणि म्हातारपण आलं तोवर कानच गेले. कानाचं साधं यंत्र घेतलं तर ते शिट्ट्या मारायचं. शेवटी हैदराबादहून आलेली मुलगी, प्रणाली, त्यांना हट्टानं कोल्हापूरला घेऊन गेली. तिथं निहाल चौगुले नावाचा एक तरुण हे नवे हेडफोन विकत होता. विकत होता म्हणण्यापेक्षा बसवून देत होता म्हणावं, कारण हातात डबा देऊन मोकळं व्हायचा त्याचा स्वभाव नव्हता.

त्यानं आधी कानाच्या पाळीचं माप घेतलं. मग कोणता स्वर कानात शिरतो आणि कोणता दारातूनच परत फिरतो ते तासभर तपासलं. चष्म्याची जाड काडी कानावरच्या गादीखाली आली की फट राहते आणि खर्ज तिथून गळून जातो, म्हणून बारीक काडीचा चष्मा करायला लावला. आणि आवाज वाढवायच्या बटणाला हात लावू नका म्हणाला. "गेलेला कान ओरडल्यानं परत येत नाही, आप्पा. हा हेडफोन ओरडत नाही, भरून काढतो."

भरून काढण्याच्या त्या करामतीला त्यानं नाव दिलं होतं पूर्ती. बाहेरचा आवाज हेडफोन आधी स्वतः ऐकायचा, त्यातला कोणता भाग या माणसाच्या कानात शिरणार नाही ते ओळखायचा आणि तेवढा भाग त्याला पेलेल अशा स्वरात बदलून द्यायचा. पण त्यासाठी माणूस काय ऐकायची अपेक्षा करतो हे त्याला शिकावं लागे. म्हणून गिऱ्हाइकानं तोंडपाठ असलेलं रेकॉर्डिंग आणायचं, ज्यातला श्वाससुद्धा कुठं आहे ते ठाऊक आहे असं. लोक आपापल्या लाडक्या गवयांची रेकॉर्डिंगं आणत. आप्पांनी काय आणावं? प्रणाली पहिल्यांदा होस्टेलवर गेली तेव्हा मालनबाईंनी फोनमध्ये बोलून तिला पाककृती रेकॉर्ड करून पाठवल्या होत्या, त्या. रोज संध्याकाळी तोंडाशी फोन धरून उभं राहायचं काम आप्पांचं असल्यामुळे त्यांना त्या एकेका शब्दासकट पाठ होत्या. "भडंगाला लसूण ठेचून घे, चिरू नको. चिरलीस की गेली चव. आणि जेवत जा वेळेवर, बापासारखं करू नको."

निहाल जरा घुटमळला. हे गाण्यासाठी आहे, म्हणाला. पण आप्पा हटले नाहीत. हेडफोन तो आवाज शिकला, आणि मग आप्पांना कित्येक वर्षांनी 'लसूण'मधला 'स' ऐकू आला. दुकानातच त्यांना रडू फुटलं. निघताना निहालनं दोनदा बजावलं होतं की पूर्ती कमीजास्त करायची कडेची चकती निम्म्याच्या खाली ठेवायची. निम्म्याच्या खाली तो ऐकतो, वर गेला की अंदाज बांधायला लागतो. आप्पांनी मान डोलावली. त्या वेळी त्यांच्या डोक्यात गाणी घोळत होती.

गाणी राहिली बाजूला. पुढच्याच वर्षी मालनबाईंचा हात थरथरायला लागला. मग उठवणं, बसवणं, भरवणं, अंघोळ, सगळं आप्पांच्या अंगावर आलं. प्रणाली दर आठवड्याला फोन करून सेवेला बाई ठेवा म्हणायची. बाई ठेवली की ती महिन्याभरात सोडून जायची. आप्पांचा जीव मेटाकुटीला आला होता, पण सांगणार कुणाला? दिवसातली एकच वेळ बरी जायची, दुपारची. बायकोशेजारी बसायचं, भिंतीला डोकं टेकायचं, डोळे मिटायचे आणि तिचं बोलणं ऐकायचं. ते अधूनमधून पुसट व्हायला लागलं तेव्हा आपलाच कान आणखी गेला, असं आप्पा धरून चालले. मागावरचा माणूस दुसरं काय समजणार? त्यांनी चकती जराशी वर सरकवली. आवाज पुन्हा खणखणीत झाला. काही महिन्यांनी पुन्हा पुसट झाला, पुन्हा चकती वर.

मालनबाईंचा उजवा हात अलीकडे सारखा वळायचा. मूठ घट्ट आवळली जायची आणि छातीपर्यंत वर यायची. आप्पा गप्पा थांबवून ती मूठ हातात घ्यायचे, एकेक बोट हळूच उलगडायचे आणि तळव्याला कोमट तेल चोळायचे. "बरं वाटलं," असं हेडफोनमधून ऐकू यायचं. थोड्या वेळानं मूठ पुन्हा वर.

त्या महिन्यात तपासणीला गेले तेव्हा डॉक्टर मगदूमबाईंनी नेहमीसारखं विचारलं, नवीन गोळ्या सोसतात का, पोटात कळा येतात का. मालनबाईंचे ओठ हलले. आप्पांनी नेहमीसारखं सांगितलं, "बरं वाटतंय म्हणतीया." याच उत्तरावर डॉक्टरांनी मागच्या दोन खेपांना गोळ्या वाढवल्या होत्या. या खेपेला मात्र त्यांनी लिहायचं थांबवलं. त्यांनी मालनबाईंच्या तोंडाजवळ आवाज मोजायचं छोटं यंत्र धरलं आणि पुन्हा विचारलं. ओठ हलले. यंत्रावर नुसता श्वास उमटला.

"आप्पा, मला कधीपासून यांचं काहीच ऐकू येत नाही. मला वाटायचं, सवयीनं तुम्हाला कळत असेल. तुम्ही नक्की काय ऐकता?"

आप्पा भडकले. चाळीस वर्षं संसार केलेल्या बायकोचा आवाज मला कळत नाही काय, म्हणाले, आणि तडक खुर्ची ढकलत बाहेर पडले. घरी आल्यावर त्यांनी निहालला फोन लावला. सगळं ऐकून निहालनं एवढंच विचारलं, चकती कुठं आहे? आप्पांनी बोटांनी चाचपून पाहिलं. ती टोकाला टेकली होती.

निहाल म्हणाला, "आप्पा, मग ते मावशींचं बोलणं नाही. मावशी काय बोलल्या असत्या, ते आहे."

त्या रात्री आप्पांनी हेडफोन काढून ठेवला. राग कुणावर काढायचा? पोरानं तर दोनदा सांगितलं होतं. आणि खरं सांगायचं तर आप्पांना तो आवाज हवाच होता. दिवसभर राबून थकलेल्या माणसाला, तू दमला असशील, जेवून घे, असं म्हणणारं कुणीतरी लागतंच. ते कोण म्हणतंय याची चौकशी त्यांनी केली नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी स्टूल ओढलं आणि बायकोच्या शेजारी न बसता समोर बसले. खात्री करायची म्हणून हेडफोन घातला. किती महिन्यांनी त्यांनी मालनबाईंचा चेहरा असा भर उजेडात पाहिला! गाल बसले होते. डोळे मात्र जागे होते आणि थेट आप्पांकडे लागले होते. उजवी मूठ आवळली गेली आणि थरथरत छातीपर्यंत वर आली.

"बरी हाय मी," हेडफोनमधून मालनबाई म्हणाल्या. "तुम्ही जेवून घ्या जावा."

मालनबाईंचे ओठ मिटलेले होते.

आप्पांचा हात सवयीनं तेलाच्या वाटीकडे गेला आणि तिथंच थांबला. मूठ वर. धागा तुटलाय, माग बंद कर. किती महिने ती हे सांगत होती, आणि ते तिची बोटं मायेनं उलगडून तिचं म्हणणं पुसून टाकत होते. त्यांनी हेडफोन काढून खाली ठेवला. खोली एकदम रिकामी झाली. मग त्यांनी उजवा पंजा उघडून तिच्यासमोर धरला. केला बंद.

मालनबाईंच्या डोळ्यांतून पाणी आलं. मूठ आपोआप सैल झाली. मग तो हात हळूहळू, थांबत थांबत खाली सरकला आणि पोटावर टेकला.

"गोळ्या?" आप्पांनी ओठ मोठे हलवून विचारलं, कारखान्यात विचारायचे तसं. तिनं पापण्या मिटल्या आणि उघडल्या. आप्पांनी तिच्या गुडघ्यावर डोकं टेकवलं. आजच डॉक्टरांकडे जाऊ, त्या सांगतील तशा बंद करू, चुकलं माझं, असं ते कितीदा तरी म्हणाले. त्यांना स्वतःचाच आवाज नीट ऐकू येत नव्हता.

डोकं वर केलं तेव्हा मूठ पुन्हा छातीपाशी आली होती.

आप्पांनी खालचा हेडफोन उचलून दाखवला. "हा? हा पण बंद. परत घालणार नाही." पापण्या मिटल्या, उघडल्या. पण मूठ खाली आली नाही. तिची नजर हेडफोनवरून निघाली, औषधांच्या टेबलावरून, भरवायच्या नळीवरून, भिंतीला लावलेल्या चाकाच्या खुर्चीवरून फिरली आणि परत आप्पांच्या थकलेल्या तोंडावर येऊन थांबली.

आप्पांचा पंजा अर्धवट वर आला होता. उघडला तर तिच्या या सगळ्या जगण्यालाच 'केला बंद' म्हटल्यासारखं झालं असतं. तो त्यांना पुरता उघडवेना.

"आणखी कोणता माग बंद करू, मालन?"