पासष्टावं कनेक्शन

हसायचं तर हसा. पण हे मी स्वतः पाहिलंय, आणि तेही भर दुपारी.

रविवार होता. ऑफिसात मी एकटी. चाचणी चालू असताना मशीनवर दुसरं कुणी नको, म्हणून नेटवर्कची केबल काढून मी टेबलावर ठेवली होती.

एका नोंदीला एका वेळी एकानेच हात लावावा, म्हणून डेटाबेस तिला लॉक लावतो. बाकीचे रांगेत. त्या लॉकचा कोड मी सुधारला होता; अशा दुरुस्तीला आम्ही पॅच म्हणतो. आता चौसष्ट बनावट युजर, प्रत्येकाचं एक कनेक्शन, एकदम सोडायचे आणि वेग मोजायचा.

"कॉलेज न पाहिलेल्या बाईचा पॅच!" साहेब सगळ्यांदेखत म्हणाले होते. सोमवारी आकडा दाखवायचा, नाहीतर पॅच कचऱ्यात.

वेग दुप्पट आला! मी खुर्चीतच एक गिरकी घेतली. या वयात.

मग स्क्रीनकडे पाहिलं...

कनेक्शन: पासष्ट.

पासष्टाव्याने पहिली नोंद लॉक केली होती. अकरा सेकंद. मग सोडली.



ही खोड एकाच माणसाची. मला हे काम शिकवणाऱ्या दादांची. कुणाचीही चाचणी चालू असली की गुपचूप आत शिरायचे, पहिली नोंद अडवायचे, चहाचा घोट घ्यायचे, सोडायचे. "वेग काय, कुणीही आणेल गं. लॉक टिकतं का बघ."

दादांना जाऊन दोन वर्षं झाली होती.

कोण कधी कुठल्या नोंदीत शिरलं ते टिपणारा लॉग उघडला. त्या अकरा सेकंदांत...

तिघे जण रांग मोडून त्याच नोंदीत घुसले होते.

लॉक टिकलंच नव्हतं; माझा वेग खोटा होता.

सोमवारी साहेब खुलले. "झकास आकडा! वर पाठवू. ती पासष्टची भानगड गाळून टाक."

"नाही पाठवणार."

"अगं, पॅच तुझाच ना?"

"माझाच. म्हणून तर नाही."

लॉक पक्कं करायला आठवडाभर खपले. पुढच्या रविवारी पुन्हा केबल काढली. साहेबांच्या हुकमाप्रमाणे मर्यादाही घातली: चौसष्टच्या वर कनेक्शन नको.

चाचणी सोडली. चौसष्ट भरले...

पण माझे त्रेसष्टच. माझा एक बाहेर ताटकळत होता.

"बसा दादा," मी मोठ्याने म्हणाले. "बघा तुटतंय का!"

अकरा सेकंद. बाकीचे गुमान रांगेत. एकही घुसला नाही.

वेग दुप्पट नाही, सव्वापट. पण खरा.

रिपोर्टमध्ये मी लिहिलं: चौसष्ट, त्यातला एक माझा नाही. साहेबांनी ते खोडलं. मी पुन्हा लिहिलं.

तो कोण, हे मला आजही सिद्ध करता येत नाही. केबल मात्र टेबलावरच होती.