मामागाठ

"ए, हा घोडा माझ्या ओळखीचा आहे!" ढब्बू गुडघाभर पाण्यातून ओरडला.

त्याच्या हातात प्लॅस्टिकचा एक निळा घोडा होता. घोड्याला मुंडकं नव्हतं, शेपटी मात्र शाबूत होती आणि तिच्यावरून शेवाळ लोंबत होतं.

"मुंडकं नसलेल्याला ओळखलंस कसं रे?" भिंगरीने काठावरून विचारलं.

"पोटाला भोक आहे बघ! मागच्या रविवारी मीच याला पोत्यात कोंबला होता. टाचेने दाबून!"

"मग निसटला असेल. घोडाच तो," शंकासुर म्हणाला आणि तिघंही खो खो हसत सुटली.

पण हसून झाल्यावर शंकासुराने चष्मा नाकावर चढवला, तेव्हाच भिंगरीने ओळखलं की आता हा काहीतरी काढणार. त्याला हे नाव उगाच नव्हतं पडलं. बाईंनी फळ्यावर तारीख लिहिली तरी तो आधी कॅलेंडर बघून येई. ढब्बू बेकरीवाल्यांचा मुलगा, दुपारपर्यंत त्याच्या अंगाला पावाचा वास येई. आणि भिंगरी एका जागी बसलेली तिच्या आईनेसुद्धा कधी पाहिली नव्हती.

"पोती जातात कचरा डेपोत," शंकासुर सावकाश म्हणाला, "आणि डेपो नदीच्या खालच्या अंगाला. तिथून घोडा पोहत वर आला की काय?"

"मामालाच विचारू!" भिंगरी म्हणाली. तिच्या लेखी जगातल्या सगळ्या प्रश्नांना हेच उत्तर होतं.

मामा म्हणजे भिंगरीच्या आईचा धाकटा भाऊ आणि नदीमित्र मंडळाचा प्रमुख. पूर्वी या नदीवरून जाताना लोक नाकाला रुमाल लावत. मामाने घरोघरी जाऊन माणसं गोळा केली, दर रविवारी सगळ्यांना पाण्यात उतरवलं, काठावर झाडं लावून घेतली. आता पुलाखाली मासे दिसत होते. भिंगरीला पोहायला यानेच शिकवलं होतं, याच नदीत, वरच्या डोहात. "मी धरलंय, सोडत नाही," असं म्हणत त्याने गुपचूप हात काढून घेतला होता आणि ती आपली पोहतच राहिली होती!

मामाची आणखी एक विद्या होती. कचऱ्याची पोती वाटेत सुटू नयेत म्हणून त्याने स्वतः एक गाठ शोधून काढली होती. पोत्याचं तोंड पिळायचं, चिंधीचे वेढे द्यायचे, फास ओढायचा आणि शेपूट आत लपवायचं. वरून कितीही ओढा, गाठ आणखीच घट्ट बसणार. लपलेलं शेपूट सापडलं तर मात्र एका हिसक्यात मोकळी! मंडळाची पोरं तिला मामागाठ म्हणत. चिंध्या पुरवायचं काम भिंगरीचं. गेल्या वेळी घरात काहीच मिळेना, तेव्हा तिने माळ्यावरचा पिवळ्या फुलांचा पडदा कापला होता. आई तो पडदा अजून शोधत होती आणि भिंगरीही तिला शोधायला मदत करत होती.

मामाने घोडा पाहिला आणि मोठ्याने हसला. "अगं, कारखान्यात असे हजारो घोडे बनतात! तुमचा एकटाच थोडाच असतो?" मग त्याने वरच्या वळणाकडे बोट दाखवलं. "हे सगळं तिकडून येतं. त्या गालिचे धुणाऱ्यांकडून. आपण उपसायचं आणि त्यांनी टाकायचं! पण येत्या रविवारी नगरपालिकेच्या अध्यक्षबाई येतायत घाटावर. गालिचेवाल्यांना तिथून कायमचं उठवायचं, असा ठरावच करणार आहोत आपण."

"उठवायलाच पाहिजे!" भिंगरी सगळ्यात मोठ्याने म्हणाली.

घरी जाताना शंकासुर बोटं मोजत होता. शेवटी म्हणाला, "दोन घोडे. दोघांनाही मुंडकं नाही. दोघांच्याही पोटाला भोक. मला नाही पटत."

"माझा मामा खोटं बोलतो म्हणायचंय तुला?" भिंगरी गर्रकन वळली. "उद्या आपण वर जाऊ आणि त्या गालिचेवाल्यांना रंगेहाथ पकडू. मामाचं खोटं निघालं तर सुट्टीतला तुझा सगळा अभ्यास मी लिहीन!"

"गणितसुद्धा?"

"गणितसुद्धा!"

"मग माझा निबंधपण लिहून दे," ढब्बूने मधेच हात वर केला, पण त्याच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिघं घाटामागच्या झुडपांत दबा धरून बसली. उतरत्या फरसबंदीवर मोठमोठे गालिचे पसरलेले होते. बायका लाकडी फळ्यांनी त्यांतलं पाणी खाली रेटत होत्या. पाणी एका पन्हळीतून जात होतं आणि पन्हळीच्या तोंडाला बारीक जाळी होती. जाळीत अडकलेली लोकर एक बाई हाताने काढून टोपलीत टाकत होती. कचरा काही कोणी टाकेना. ढब्बूला मात्र शिंक आली, आणि ढब्बूची शिंक म्हणजे काय विचारता!

"कोण आहे रे तिकडे?" लोकर काढणारी बाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. तिघं माना खाली घालून बाहेर आली. बाईने भिंगरीकडे निरखून पाहिलं. "तूच ना ती? परवा पुलावरून ओरडत होतीस, नदी नासवता, लाज नाही वाटत म्हणून?"

भिंगरीचे कान तापले. ओरडली होती खरी.

"इकडे ये. हे बघ." बाईने तिला घाटाच्या कडेला नेलं. तिथे पिशव्या, बाटल्या, फाटक्या चपला यांचा ओला ढीग होता. "कामाला लागण्याआधी रोज सकाळी हे उपसतो आम्ही. पाणी घाण असेल तर गालिचा स्वच्छ होईल का? आणि मळका परत केला तर मला दुसरा कोण देईल? नदी नासवून मी खाऊ काय, तूच सांग!"

"मग हे येतं कुठून, मावशी?" शंकासुराने विचारलं.

"वरून. माझं काम सोडून मी काय शोधत फिरू? आणि आता शोधून तरी काय उपयोग? रविवारी उठवणारच आहेत. माझ्या आईने या फरशीवर गालिचे धुतले, मी धुते. आता घरच्या बादलीत धुवायचे का हे?" ती पाठ फिरवून कामाला लागली.

भिंगरीला तिचं म्हणणं खोटं वाटेना आणि मामाचं खोटं असणं शक्यच नव्हतं. म्हणजे तिसराच कोणी असणार! ती तरातरा काठाने वर निघाली आणि बाकीचे दोघे धापा टाकत मागे.

वळणापुढे बंद पडलेली वीटभट्टी होती. तिच्यामागे, अगदी नदीला खेटून, माती काढून काढून झालेला मोठा खड्डा होता.

खड्डा पोत्यांनी भरला होता.

नदीकडची कड ढासळली होती. काही पोती घरंगळून पाण्यात गेली होती, काही फुटली होती, काही निघायच्या बेतात होती. ढब्बू खाली उतरला आणि एका पोत्याचं तोंड धरून ओढू लागला. "सुटत नाही गं! जितकं ओढावं तितकं..." आणि तो बोलता बोलता थांबला.

भिंगरी त्याच्याजवळ गेली. तिने चिंधीच्या वेढ्यात बोट घातलं, आत लपलेलं शेपूट शोधलं आणि हिसका दिला. गाठ मोकळी झाली. चिंधीवर पिवळी फुलं होती.

"कोणीतरी आपली पोती चोरून इथे आणून टाकली," ती घाईघाईने म्हणाली.

"कचरा कोण चोरतं?" शंकासुर म्हणाला. या वेळी तो हसला नाही.

तेवढ्यात टेंपोचा आवाज आला. तिघं भट्टीच्या भिंतीआड बसली. टेंपो मागे मागे येत खड्ड्याशी थांबला, मागचं झाकण खाडकन पडलं आणि मामा उतरला. कालची पोती तो एकेक करून खड्ड्यात फेकू लागला. फेकताना शीळ घालत होता. पोहायला शिकवताना घालायचा तीच शीळ.

हाक मारावी म्हणून भिंगरी उठायला गेली. ढब्बूने तिचा हात घट्ट धरून ठेवला. टेंपो निघून गेला तरी ती भिंतीकडे बघत बसून राहिली.

"अभ्यासाचं राहू दे," शंकासुर हळूच म्हणाला. त्यावर मात्र तिला रडू आलं.

संध्याकाळी मामा नेहमीसारखा घरी आला. भिंगरीने ठरवलं होतं, त्याला एक संधी द्यायची. त्याने खरं सांगितलं तर ती त्याच्या बाजूने उभी राहणार होती, सगळ्या गावासमोर!

"मामा, आपली पोती कुठे जातात रे?"

"डेपोत! आणखी कुठे?" तो तिच्या डोळ्यांत बघून म्हणाला आणि तिची वेणी ओढली. "का गं? घोड्याच्या मागे जायचंय का?"

त्याची नजर जरासुद्धा हलली नाही. याच तोंडाने तो "मी धरलंय" म्हणाला होता. तेव्हाही खोटंच बोलला होता, पण त्या खोट्याने ती तरंगली होती. आता मात्र तिला गटांगळ्या खाल्ल्यासारखं झालं. तिने वेणी सोडवून घेतली आणि आत निघून गेली. आई म्हणाली, "हिला झालंय तरी काय?"

रविवारी घाटावर सगळं गाव लोटलं. अध्यक्षबाई खुर्चीवर बसल्या. गालिचेवाल्या एका बाजूला उभ्या होत्या, अपराध्यांसारख्या. मामाने जोरदार भाषण ठोकलं आणि शेवटी चिखलाने माखलेलं एक पोतं पुढे ओढलं.

"मॅडम, आज सकाळी हे आम्ही याच घाटाच्या पायरीखालून काढलं. तिथे यांच्याशिवाय कोण येतं? आता आणखी कसला पुरावा हवा?"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. भिंगरीची नजर पोत्याच्या तोंडावर खिळली होती. चिखलात बरबटलेली ती गाठ मामाच्या हाताखालीच होती आणि त्याचं तिकडे लक्षच नव्हतं! दर रविवारी तीच गाठ मारणाऱ्याला ती वेगळी दिसणार तरी कशी? तिने दोघांकडे पाहिलं. शंकासुराने मान डोलावली. ढब्बू म्हणाला, "जा!"

"अध्यक्षबाई, एक विचारू?" ती पुढे आली. "हे पोतं मावशींनी बांधलं असेल, तर त्यांना सोडताही आलं पाहिजे ना?"

"भिंगरे, हे काय मधेच?" मामा हसत म्हणाला.

"बोलू द्या तिला," अध्यक्षबाई म्हणाल्या.

मावशी पुढे आल्या. त्यांनी गाठ ओढली, नखांनी उकरली, दातसुद्धा लावून पाहिले. गाठ आणखीच आवळली. "हे असलं आम्ही नाही बांधत बाई. आम्हाला साधी गाठ येते."

मामाचं हसू आता कुठे मावळलं. त्याने गाठीकडे पाहिलं आणि मग भिंगरीकडे. तो डोळ्यांनीच तिला नको, नको म्हणून विनवत होता, आणि तिला ते कळलंही.

भिंगरीने घाटावरचा एक तांब्या नदीत बुडवून गाठीवर ओतला. चिखल वाहून गेला, पिवळी फुलं वर आली.

"अगंबाई! माझा पडदा!" गर्दीतून आई किंचाळली.

लोक हसले. भिंगरी हसली नाही. तिने शेपूट शोधलं, हिसका दिला आणि पोतं उलटं केलं. बाटल्या, चपला, डबे गडगडत बाहेर पडले. त्यांच्यामागून एक निळा घोडा आला, बिनमुंडक्याचा.

"तोच!" ढब्बू ओरडला. "मागच्या रविवारी मी परत पोत्यात भरला होता त्याला! पोटाला भोक आहे बघा!"

"वीटभट्टीमागे याच गाठीची ढीगभर पोती आहेत," शंकासुर म्हणाला. "कोणालाही शंका असेल तर आत्ता चला."

सगळ्यांच्या नजरा मामाकडे वळल्या. भिंगरी त्याच्यासमोर जाऊन म्हणाली, "मामा, मी तुला विचारलं होतं. तू सांगितलं असतंस तर..."

मामा मटकन पायरीवर बसला. "डेपोवाल्यांनी फाटकातूनच परत पाठवलं," तो पुटपुटला. "ओला-सुका कचरा वेगळा केल्याशिवाय घेणार नाही म्हणाले. म्हटलं, तूर्तास इथे ठेवू, मग निवडू. तेवढ्यात सगळे वाहवा करायला लागले. नदीत कचरा दिसायला लागला, तेव्हा कोणीतरी म्हणालं गालिचेवाल्यांचा असेल. मी नाही म्हणालो नाही."

"नाही म्हणाला नाहीत?" मावशी म्हणाल्या. "माझी चूल विझली असती हो!"

ठरावाचा कागद तिथेच फाटला. अध्यक्षबाईंनी मावशींची सगळ्यांदेखत माफी मागितली आणि तिघा पोरांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "नदीचे खरे राखणदार तुम्ही!" केवढ्या टाळ्या पडल्या! बेकरीवाले तर ढब्बूला डोक्यावर घेऊन नाचायचेच बाकी होते. शंकासुर लाजून चष्मा पुसत राहिला. भिंगरीला मात्र टाळ्या नकोशा झाल्या. एरवी तिच्यासाठी सगळ्यात मोठ्याने टाळ्या वाजवणारा माणूस आज पायरीवर मान खाली घालून बसला होता.

दुसऱ्या दिवसापासून खड्डा उपसायचं काम सुरू झालं. मंडळ आलं, गालिचेवाल्या आल्या. मामाही आला, कोणी न बोलावता, आणि दिवसभर ओला-सुका कचरा निवडत राहिला. संध्याकाळी टेंपो भरला. भिंगरीने शेवटचं पोतं बांधलं. मावशी मारतात तशी साधी गाठ मारली.

मामाने ती पाहिली आणि पोतं उचलून टेंपोत ठेवलं. तो टेंपोत बसणार इतक्यात भिंगरी दुसऱ्या दाराने चढून त्याच्या शेजारी बसली.

"तू कुठे?"

"डेपोपर्यंत. पोती उतरेपर्यंत."

"माझ्यावर विश्वास नाही का राहिला?" त्याने हळूच विचारलं.

भिंगरीने त्याच्या डोळ्यांत पाहिलं. खोटं बोलणं किती सोपं होतं!

"नाही," ती म्हणाली.

मामाने मान डोलावली, टेंपो सुरू केला आणि रस्त्याला लागल्यावर डेपोच्या दिशेला वळवला. सगळ्या वाटेत त्याने शीळ घातली नाही.