वीतभर श्वास

ब्लेडचं पाकीट संपलं होतं, म्हणून त्या दिवशी दुपारी मी कोपऱ्यावरच्या दुकानात गेलो. दुकानदार जुन्या ओळखीचा. माझी वाढलेली दाढी बघून एरवी तो म्हणाला असता, "एवढी ब्लेडं नेता, मग ती जातात कुठे?" हा त्याचा ठरलेला विनोद, आणि मी ठरल्याप्रमाणे हसायचो. त्या दिवशी त्याने तो केला नाही. पाकीट पुढे सरकवलं आणि म्हणाला, "सकाळी रेडिओवर ताईंचं गाणं लागलं होतं. अख्खं कडवं एका दमात म्हणायच्या हो. आता कुठलं ऐकायला मिळणार."

मी मान हलवली. पाकीट खिशात टाकलं आणि स्टुडिओत गेलो.

ताई म्हणजे माझी धाकटी बहीण. तिला जाऊन पंधरा दिवस झाले होते.

आता ब्लेडं कुठे जायची ते सांगतो. तेव्हा गाणं फितीवर भरायचे. तपकिरी रंगाची, बोटभरही रुंद नाही अशी फीत. गायकाचा आवाज वेगळ्या फितीवर, वाद्यं वेगळ्या फितीवर, आणि शेवटी दोन्ही एकत्र करायची. मी आवाजाच्या फिती साफ करायचो. कुठे खोकला आला, कुठे खुर्ची करकरली, की तेवढा तुकडा ब्लेडने तिरपा कापून काढायचा. त्या जागी तेवढ्याच लांबीची पांढरी कोरी फीत जोडायची, नाहीतर गाणं वाद्यांच्या पुढे पळतं. पांढऱ्या फितीवर आवाज धरणारा थरच नसतो. तिच्यावर कुणी काही भरू म्हणेल तरी भरता येत नाही. हे लक्षात ठेवा.

सगळ्यात जास्त कापावे लागायचे ते श्वास. आमचे संगीतकार, त्यांना सगळे मास्तर म्हणायचे, त्यांना श्वास खपत नसे. "सूर ऐकू यावा, फुप्फुसं नकोत," असं म्हणायचे. एक श्वास म्हणजे साधारण वीतभर फीत. मी चौथीपर्यंत शिकलो, पण फितीवर वीत ठेवली की श्वास कुठे सुरू झाला, कुठे संपला, ते बोटांना कळायचं.

कापलेले तुकडे लगेच फेकायचे नाहीत अशी आमच्याकडे रीत होती. न जाणो, मास्तरांचं मन बदललं तर परत जोडावे लागतील. गाणं बाहेर पडलं की मग टाकायचे. मी धाकटीचे टाकले नाहीत. का ते विचारू नका. बहिणीचा श्वास केरात टाकायला हात होईना, एवढंच. बिस्किटांचा एक चौकोनी पत्र्याचा डबा होता, त्यात साठवत गेलो. बारा वर्षांचे.

धाकटीची छाती लहानपणापासून नाजूक. चार शब्दांमागे एक श्वास घ्यायची, आणि तो ऐकू येईल असा. पण आवाज… आवाज असा की वाद्य वाजवणारी माणसं वाजवायची थांबून ऐकायची. मास्तर म्हणाले, आवाज देवाने दिलाय, बाकीचं तुझा भाऊ बघून घेईल. मी बघून घेतलं. इतकं सफाईने, की लोक म्हणू लागले, ही बाई श्वासच घेत नाही. त्यावरच तिचं नाव झालं.

सुरुवातीला तिला गंमत वाटायची. माझ्या टेबलाशी येऊन बसायची. फीत कापायलाही शिकली, पण डावखुरी. माझा काप उजवीकडे झुकायचा, तिचा डावीकडे. मी चिडवायचो, "उलट्या हाताची पोर." ती म्हणायची, "आणि तू शिट्टीच्या नाकाचा. आधी तुझं नाक काप, मग माझा श्वास." लहानपणी तिने मला झोक्यावरून ढकललं होतं आणि नाकाचं हाड मोडलं होतं. तेव्हापासून श्वास घेताना माझ्या नाकातून बारीक शिट्टी वाजते.

मग कार्यक्रम सुरू झाले. हजार माणसं समोर, आणि सगळी वाट बघत बसलेली, की आता बाई ते कडवं एका दमात म्हणणार.

एकदा ती घरी आली. रेकॉर्ड लावून बसली, सुई पुन्हा पुन्हा त्याच ओळीवर ठेवत.

"दादा, इथे मी श्वास कुठे घेतला होता रे?"

"चार ठिकाणी," मी म्हणालो. "शोधून दाखव."

मला अभिमान वाटत होता. आज ते आठवलं की स्वतःची लाज वाटते.

ती हसली नाही. म्हणाली, "मला नाही जमत असं. मी रोज पहाटे करून बघते. डोळ्यांपुढे काळे ठिपके येतात."

"मग घे की श्वास. कोण अडवतंय?"

"तू," ती म्हणाली. अगदी साधेपणाने, पाणी मागावं तसं. मग माझा हात धरून म्हणाली, "पुढच्या गाण्यात एक तरी राहू दे. एकच. लोकांना कळू दे, मी माणूस आहे."

मी हो म्हणालो.

पुढचं गाणं आलं. तिसऱ्या ओळीआधी एक छान श्वास होता, दाराशी येऊन कुणी थांबावं तसा. तो ठेवायचा असं मी ठरवलं. मास्तर मागे उभे होते. "हा राहिला वाटतं," एवढंच म्हणाले. आणि माझा हात पुढे गेला. कापून झाल्यावर मला कळलं की कापला.

धाकटीने गाणं ऐकलं. रागावली नाही. "ठेवलेस ना ते सगळे?" तिने विचारलं.

"डब्यात आहेत."

"जपून ठेव. लागतील मला."

त्यानंतर दोन महिन्यांनी ती स्टेजवर गेली. ते लांब कडवं शेवटापर्यंत नेलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या थांबल्या तरी ती बसली होती तशीच होती, तोंड थोडं उघडं. डॉक्टरांनी हृदयाचं काहीतरी सांगितलं. मी तिसऱ्या रांगेत होतो. मला माहीत आहे, तिने श्वास घेतला नव्हता.

तर, त्या दुपारची गोष्ट. तिने जाण्याच्या तीन दिवस आधी भरलेलं एक गाणं साफ करायचं राहिलं होतं. मास्तरांनी निरोप धाडला होता, तूच कर, दुसऱ्याच्या हाती नको.

कापायच्या खोलीला खिडकी नव्हती. चारी भिंतींना जाड कापूस आणि वर काळं कापड. दार लावलं की बाहेर दुपार आहे की रात्र ते कळत नसे. स्वतःच्या कानातलं रक्त ऐकू यायचं. गरम झालेल्या यंत्राचा आणि फितीचा एक आंबूस वास, आणि टेबलावर एकच दिवा.

गाण्यात तिचे अकरा श्वास होते. मोठे, दमलेले. मी एकेक कापला. अकरा तुकडे डब्यात ठेवले, अकरा ठिकाणी पांढरी फीत जोडली. डोळे पुसले आणि यंत्र सुरू केलं.

पहिली ओळ झाली. फितीवरचा पांढरा तुकडा माझ्या डोळ्यांसमोर सरकत आला, यंत्राच्या तोंडाशी पोचला. आणि श्वास ऐकू आला.

मी यंत्र थांबवलं. फीत मागे घेतली. पुन्हा लावली. पांढरा तुकडा आला, श्वास आला. अकराच्या अकरा.

डबा उघडून मोजले. तुकडे अकराच होते, वर ठेवलेले, तसेच.

तेवढ्यात मास्तर आत आले. दार लावून घेतलं. "झालं?"

"ऐका," मी म्हणालो.

ऐकून ते म्हणाले, "काढले नाहीस."

"काढलेत, मास्तर. फितीकडे बघा…"

मी पुन्हा लावलं. ते वाकून बघत राहिले. पांढरा तुकडा. श्वास. तपकिरी फीत, तिचा आवाज. पुन्हा पांढरा तुकडा. त्यांच्या कपाळावर घाम आला होता.

"जोड चुकला असेल. परत काप," ते हळूच म्हणाले.

मी पांढरे तुकडे काढून दुसरे लावले. या वेळी श्वास जास्त जवळून आला. स्पीकर समोर भिंतीवर होता. श्वास माझ्या डाव्या कानाशी होता. धाकटी नेहमी डावीकडेच बसायची.

"बंद कर," मास्तर म्हणाले.

मी बटण दाबलं. यंत्रावरच्या फिरत्या चकत्या थांबल्या. फीत थांबली.

श्वास थांबला नाही. आत… आणि पुन्हा आत. एकदाही बाहेर नाही. बोलायच्या आधी माणूस घेतो ना, तसा. आम्ही दोघं वाट बघत राहिलो की आता ती काही बोलेल. ती बोलली नाही. नुसती आत घेत राहिली, पाण्याखालून वर आलेल्या माणसासारखी, आणि पोट भरेना.

"हिला काय हवंय?" मास्तर पुटपुटले.

मला माहीत होतं. मी डबा जवळ ओढला. दोनदा ब्लेड बोटाला लागलं. पहिला पांढरा तुकडा काढला, त्या जागी तिचा श्वास जोडला. मग दुसरा. सातवा जोडला तेव्हा कानाशी आवाज मंदावला. अकरावा जोडला आणि खोलीत काहीच उरलं नाही. मग, इतक्या वेळात पहिल्यांदाच, कुणीतरी श्वास बाहेर सोडला. माझ्या मानेवर तो गार लागला.

मास्तर दाराला पाठ लावून उभे होते. तिथूनच म्हणाले, "हे असं बाहेर गेलं तर लोक काय म्हणतील?"

"म्हणतील की माणूस होती."

गाणं श्वासांसकट बाहेर पडलं. लोक तसं म्हणाले नाहीत. शेवटी शेवटी बाईंचा दम गेला होता, असं म्हणाले. ब्लेडवाला दुकानदारही तेच म्हणाला. मास्तरांनी त्यानंतर मला काम दिलं नाही, आणि मीही मागितलं नाही.

डब्यात बारा वर्षांचे बाकीचे श्वास होते. ते सगळे मी एकापुढे एक जोडून एक रीळ केलं. एकदाच लावलं. पाऊण तास एक बाई श्वास घेत होती, दुसरं काही नाही. मग ते रीळ तिच्या फोटोमागे ठेवलं आणि मनात म्हटलं, धाकटे, तुझे सगळे तुला पोचले. स्टुडिओ पुढे बंद पडला तेव्हा कापायच्या खोलीतलं यंत्र मी घरी आणलं. रिकामा डबाही आणला. त्यात बायको बटणं ठेवायची.

इतकी वर्षं काही झालं नाही.

गेल्या हिवाळ्यात बायकोने एका सकाळी विचारलं, "अहो, झोपेत तुमचा श्वास मधेच जातो कुठे?"

"जातो म्हणजे?"

"अडकत नाही, घोरणं नाही, काही नाही. चालू असतो आणि एक नसतोच. मग पुढचा येतो. कुणी मधलाच काढून घेतल्यासारखा."

डॉक्टरांनी छाती तपासली. वयाच्या मानाने उत्तम आहे म्हणाले. पण मग दिवसाही होऊ लागलं. जिना चढताना, चहा ओतताना. दुखत नाही. गुदमरत नाही. फक्त एक श्वास नसतो. जोड कळतसुद्धा नाही, इतकं सफाईचं काम.

एक दिवस शर्टाला बटण लावायला बायकोने डबा उघडला आणि मला हाक मारली. बटणांवर फितीचे तुकडे पडले होते. तपकिरी, वीतवीतभर. मी चष्मा लावून बघितले. प्रत्येकाचा काप डावीकडे झुकलेला.

मी ते यंत्रावर लावून ऐकले. पुरुषाचा श्वास आहे. म्हातारा. आत घेताना नाकातून बारीक शिट्टी वाजते.

मला भीती वाटत नाही असं नाही. पण मी कुणाला दोष देत नाही. तिला कमी पडत असतील. बारा वर्षांचे मी काढले होते, पाऊण तासात ते कसे फिटतील? बायकोने बटणं दुसऱ्या डब्यात काढली. मी रोज सकाळी हा डबा उघडतो, कधी एक तुकडा, कधी दोन.

काल उघडला तर एकच टोक दिसलं. मी ते धरून ओढलं. वीत झाली, हात झाला. फीत येतच राहिली. जमिनीवर तिचा ढीग पडायला लागला, तरी डब्यातून येतच होती.

आतून बायको म्हणाली, "अहो, एवढा लांब श्वास कसला घेताय? सोडा की आता."

मी हात थांबवला. आलेली फीत हळूहळू परत आत घातली आणि झाकण लावलं. पण एक टोक बाहेरच राहिलं आहे. तिरपं, डावीकडे झुकलेलं. दुसऱ्या टोकापर्यंत मी अजून पोचलेलो नाही.