फुटाला एक इंच

भाद्रपदातली सकाळची सर नुकतीच थांबली होती. तळेगाव ढमढेऱ्यात, रस्त्याकडेच्या आपल्या शिलाईच्या खोलीत धनश्री ब्लाऊजला हुक लावत बसली होती. बाहेर मोटारसायकल थांबली आणि एक उंच तरुण, किंचित लंगडत, दारात आला.

"पोल्ट्रीकडं जायचा रस्ता हाच का?"

ती सांगणार, तोच पत्र्यातून एक टपोरा थेंब त्याच्या कपाळावर पडला. धनश्रीला हसू आवरेना.

"पाऊस तर थांबलाय," तो वर बघत म्हणाला.

"आमच्याकडं जरा उशिरा थांबतो."

तो हनुमंत. दौंडला त्याचं पत्र्याची शेडं बांधायचं वर्कशॉप होतं. "ढाळ कमी हाय. वाऱ्यानं पाणी जोडातून आत शिरतं. मापून बघायला पायजे..." तो अडखळला. "पर मी वर चढत न्हाई. दोन वर्षांमागं शेडवरून पडलो."

"मंग मी चढते."

तिनं परसातली शिडी भिंतीला लावली. त्यानं पिशवीतली पाणसळ, सपाटी बघायची बुडबुड्याची पट्टी, तिला दिली आणि शिडी दोन्ही हातांनी धरली. ती पत्र्याच्या कडेपर्यंत पोचली. खालून त्याचा शांत आवाज येत होता.

"पाणसळीचं वरलं टोक पत्र्याला टेकवा. खालचं उचला... बुडबुडा मधोमध आला?"

"येतोय... आला."

"उचललेल्या टोकाखाली किती अंतर हाय?"

"एक इंच."

"पाणसळ फुटाची हाय. म्हंजी फुटाला एक इंच ढाळ. दोन तरी पायजे."

समोर ओला ऊस चमकत होता, ढग सावकाश सरकत होते. धनश्रीला उतरावंसंच वाटेना.

गुरुवारी तो पुन्हा आला. खात्री करायला म्हणे. सोमवारीही आला. ती वर, तो खाली. माप एकच, बोलणं मात्र लांबत गेलं. तो गेला की मशीनचं पायडल मारता मारता तिचा पाय मध्येच थांबायचा.

त्या सोमवारी संध्याकाळी तिनं सहज स्वतःच्या टेपनं भिंती मापल्या, आणि तिला एकटीलाच हसू फुटलं.

बुधवारी त्यानं शिडी लावायला घेतली, तशी ती म्हणाली, "मागची भिंत दहा फूट, पुढची नऊ. मागनं पुढं खोली बारा फूट. बारा फुटांत बारा इंच उतार. हे खाली उभं राहूनच कळतं की."

हनुमंत टेप गुंडाळत राहिला. "व्हय."

"मंग मला तीनदा वर कशाला चढवलं?"

"खालून मापलं असतं तर... पहिल्याच दिवशी काम संपलं असतं."

मग धनश्री हळूच म्हणाली, "रविवारी सणसवाडीची माणसं मला बघाया येणार हायत."

त्याचा चेहरा उतरला. "चांगलं हाय. माझी तर एक सोयरीक ह्या पायापायी मोडली."

"मी वर असताना शिडी एकदाबी हलली न्हाई. मला तेवढं पुरं हाय." तिनं नजर खाली वळवली. "शनिवारी या... आईला घेऊन."

शनिवारी मायलेक आले. धनश्रीच्या वडिलांनी, ज्ञानू आप्पांनी, पायाचं विचारलं. हनुमंतानं काहीच लपवलं नाही. पडला कसा, किती महिने अंथरुणात होता, सगळं सांगितलं. आप्पांनी लेकीकडं वळून बघितलं.

धनश्रीनं चहाचे कप खाली ठेवले आणि सणसवाडीचा नंबर लावून मोबाईल त्यांच्या हातात दिला.

"उद्या येऊ नका म्हणावं, आप्पा."